तिसरा नकार

सत्यनारायणाच्या पोथीत प्रसाद न घेतलेली दोन माणसं आहेत. पहिली कलावती. साधुवाण्याची ही मुलगी पूजेला बसलेली असते. नवरा नावेतून परत आल्याचं कळतं, आणि ती प्रसाद तोंडात न टाकताच काठाकडं धावते. नवऱ्यासकट नाव पाण्यात जाते. घरी परतून प्रसाद घेतल्यावरच तिला नवरा पुन्हा दिसतो. दुसरा तुंगध्वज राजा. रानात झाडाखाली गवळ्यांनी पूजा मांडलेली असते. ते राजापुढं प्रसाद आणून ठेवतात आणि राजा तो तसाच टाकून निघून जातो. त्याची शंभर मुलं जातात, धनधान्य जातं. चूक उमगल्यावर तो गवळ्यांकडं परततो, त्यांच्यासोबत पूजा करतो, आणि मग सगळं सावरतं.

लातूर जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, नांदेडच्या हद्दीला लागून असलेल्या जळकोट तालुक्यात घरभरणी असो की लग्नानंतरची पूजा, ही कथा कानावर पडल्याशिवाय हिंदू घरातलं पोर मोठं होत नाही. प्रसादाला नाही म्हणू नये, हे त्याला वेगळं शिकवावं लागत नाही. द्रोणातून शिरा समोर आला की उजवा हात आपोआप पुढं होतो. हा शिरा रव्याचा, म्हणजे गव्हाचा.

आता याच ओळीत असा एक माणूस बसला आहे, ज्याला डॉक्टरांनी गहू जन्मभर बंद केला आहे. त्याला कुठं धावत जायचं नाही. वाढणाऱ्याबद्दल त्याच्या मनात तुच्छताही नाही. तरी त्याला 'नको' म्हणायचं आहे. हा तिसरा नकार पोथीत नाही. म्हणून त्याचं काय करायचं हे यजमानालाही कळत नाही आणि पाहुण्यालाही. "घ्या ओ मामा, घासभर. देवाचं हाय, काय होत नसतंय," एवढं वाक्य पुरतं, आणि हात पुढं होतो.

काय होतं, ते आधी पाहावं लागेल. आजाराचं नाव सीलिॲक. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. कणीक मळल्यावर जी चिवट लवचीकता येते ती त्याचीच. या आजारात ग्लुटेन पोटात गेलं की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. अन्नरस शोषून घेणारे तिथले केसाएवढे बारीक अंकुर झिजून सपाट होतात. मग कुणाला जुलाब आणि पोटफुगी, कुणाचं रक्त गोळ्या खाऊनही वाढत नाही, कुणा पोराची उंची खुंटते, कुणाची हाडं ठिसूळ होतात. हा नुसता पचनाचा त्रास नाही आणि खाण्याचा नखरा तर नाहीच. औषधाची गोळी यावर नाही. ग्लुटेन पूर्ण बंद करणं हाच उपचार.

हे कळलं तेही उपासमारीतून. विलेम-कारेल डिके या डच बालरोगतज्ज्ञाला १९३० च्या दशकापासून गव्हाचा संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये दुष्काळ पडला, ब्रेड मिळेनासा झाला. बाकी देश भुकेनं खंगत असताना या आजाराची मुलं मात्र सुधारली. गहू परत आला तशी ती पुन्हा आजारी पडली. १९५० साली डिकेनं आपला प्रबंध मांडला आणि दोष गव्हाचा हे पक्कं झालं.

आता 'घासभर' या शब्दाकडं वळू. २००७ साली इटलीतल्या संशोधकांनी दाखवलं की, रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने पोटात जात राहिलं तरी अशा रुग्णाच्या आतड्याला इजा होते. कणकेत ग्लुटेन ढोबळमानानं दहावा हिस्सा धरलं, तर ५० मिलिग्रॅम म्हणजे अर्धा ग्रॅम कणीक, बोटाच्या चिमटीत मावेल इतकी. शिऱ्याचा एक घास याच्या कितीतरी पट झाला. भारतात 'ग्लुटेनमुक्त' असं छापायचं तर एका किलोत २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. एवढ्या बारीक मापाच्या दुनियेत घास हा फार मोठा असतो.

आपल्याकडं हा आजार नाही, असं म्हणायला जागा नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत उत्तर भारतात शंभरात १.२३ माणसांना तो आढळला, ईशान्येत ०.८७ आणि दक्षिणेत ०.१०. मराठवाडा उत्तर आणि दक्षिण या दोन टोकांच्या मधोमध, ज्वारीच्या आणि गव्हाच्या सीमेवर बसलेला आहे. आणि ही सीमा सरकते आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं रेशनचा गहू दोन रुपये किलोनं दिला, २०२३ पासून तो फुकट मिळू लागला. जळकोटच्या हलक्या रानात ज्वारीची जागा सोयाबीननं घेतली. एकेकाळी चपाती सणाची आणि पाहुण्याची होती, ती आता रोजच्या डब्यात आली. शंका असेल त्यानं मात्र एक पाळावं: आधी रक्ताची तपासणी, मग गहू बंद. आधीच गहू सोडला तर तपासणीत आजार लपून राहतो.

मग प्रश्न असा: देवापुढं ठेवल्यावर गहू गहू राहतो का? भाविक मनाला हा प्रश्न टोचतो, पण टाळता येत नाही. याचं सगळ्यात सडेतोड उत्तर अशा धर्मपीठाकडून आलं, ज्याच्याकडून ते येईल असं कुणाला वाटलं नसतं. रोमन कॅथलिक श्रद्धेनुसार मिस्सा या उपासनेतली भाकर केवळ प्रतीक राहत नाही. ती ख्रिस्ताचं शरीर होते. आणि ती भाकर गव्हाचीच हवी, असा चर्चचा कायदा आहे. तरीही त्या भाकरीनं सीलिॲकचा माणूस आजारी पडतो हे चर्चनं नाकारलं नाही. २००३ आणि २०१७ साली व्हॅटिकननं पत्रं काढून सांगितलं की अजिबात ग्लुटेन नसलेली भाकर ग्राह्य नाही, पण अगदी कमी ग्लुटेनची चालेल, आणि तीही सोसत नसेल त्यानं फक्त द्राक्षारस घेतला तरी प्रसाद पूर्ण मिळाला. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात बेनेडिक्टाइन पंथाच्या संन्यासिनींनी अशी भाकर तयार केली. ज्यूंच्या वल्हांडण सणातही तसंच. धर्मशास्त्राला मान्य पाच धान्यांत ओट आहे, म्हणून अशा रुग्णांसाठी ओटची बेखमीर भाकर निघाली. या धर्मांनी देवाला कमी लेखलं नाही आणि आतड्यालाही खोटं ठरवलं नाही.

जळकोटच्या माणसाला यासाठी रोमला जायचं कारण नाही. नांदेड शेजारीच आहे. गुरू गोविंदसिंग १७०८ साली जिथं निवर्तले त्या जागी सचखंड हुजूर साहिब उभं आहे. तिथं येणारे हजारो यात्रेकरू पंजाबचे, म्हणजे गव्हाच्या आणि म्हणून सीलिॲकच्याही मुलखातले. गुरुद्वारातला कडाह प्रसाद गव्हाचं पीठ, तूप आणि साखर सारख्या वजनानं घेऊन केलेला. ओंजळ पुढं करायची, तीत तो पडतो. राजा असो की हमाल, ओंजळ एक आणि प्रसाद एक. जातीचा अहंकार मोडण्यासाठीच ही रीत उभी राहिली. म्हणून इथं 'नको' म्हणणं सत्यनारायणाच्या शिऱ्यापेक्षाही जड जातं: समतेलाच नकार दिल्यासारखं वाटतं. सीलिॲक असलेल्या शीख माणसाला हा पेच प्रत्येक दर्शनाला पडतो. कुणी अगदी कणभर मागतो, कुणी ओंजळीत घेऊन कपाळी लावतो आणि सोबतच्याच्या हाती देतो. कणभरसुद्धा या आजारात सुरक्षित नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. कपाळी लावून पुढं देणं हीच त्यातली खरी वाट. प्रसाद वाया जात नाही, आदर राहतो, आणि ओंजळ पुढं झालेली असते.

उदगीर-जळकोटच्या लिंगायत घरांत प्रसादाचं मोल आणखी वेगळं. अष्टावरणांत प्रसाद हे एक आवरण आहे, भक्ताचं रक्षण करणारं. बाराव्या शतकात बसवण्णांच्या कल्याणात, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणात, दासोहाची परंपरा रुजली: कष्टानं मिळवलेलं अन्न सगळ्यांसोबत खायचं. पानात आलेलं टाकायचं नाही. मुसलमान शेजाऱ्याच्या घरी ईदचा शीरखुर्मा असतो, तोही गव्हाच्या शेवयांचा. या भागात हिंदू-मुसलमान घरोबा शीरखुर्म्याच्या वाटीतून चालत आला आहे. वाटी परत पाठवणं म्हणजे घरोबा परत पाठवणं, असं समोरच्याला वाटू शकतं.

इथंच तुंगध्वज राजा पुन्हा आठवतो. महाराष्ट्रात अन्न नाकारण्याचा इतिहास चांगला नाही. कुणाच्या हातचं खायचं, कुणाच्या हातचं पाणी चालतं, पंगतीत कोण आत आणि कोण बाहेर, यावर पिढ्यान्‌पिढ्या माणसं चिरडली गेली. पैठणच्या एकनाथांनी श्राद्धाचं अन्न उपाशी अस्पृश्यांना वाढलं आणि गावाचा रोष ओढवून घेतला, ही कथा मराठवाड्याला ठाऊक आहे. १९२७ साली महाडला पाण्याच्या ओंजळीसाठी सत्याग्रह करावा लागला. १९४७ साली विठ्ठलाचं दार सगळ्यांना उघडावं म्हणून साने गुरुजींनी उपोषण केलं. ज्यांच्या आजोबांनी 'तुमच्या घरचं चालत नाही' हे शब्द ऐकले, त्यांच्या घरी जाऊन पाहुण्यानं 'मला तुमच्याकडचं चालत नाही' म्हटलं, तर ते कसं ऐकू येईल? नाकारणारा कितीही निर्मळ असो, ऐकणाऱ्याच्या कानात जुना घाव असतो. सीलिॲकच्या माणसाला हा घाव ओळखावा लागतो. आजार त्याचा आहे, तरी शब्दांची काळजी त्याला घ्यावी लागते.

पण या दोन नकारांत एक मूलभूत फरक आहे. सोवळ्यात विटाळ माणसात असतो असं मानलं जातं. हात कुणाचा, यावर अन्न शुद्ध की अशुद्ध हे ठरतं. सीलिॲकमध्ये धोका धान्यात आहे, हात कुणाचाही असो. आणि हिशेब सगळा उलटा होतो. ज्या घरात रोज चपात्या लाटल्या जातात, कणकेचा डबा उघडा असतो, त्याच पोळपाटावर आणि तव्यावर भाकरी होते, त्या सुखवस्तू घरचं जेवण अशा माणसाला धोक्याचं. आणि जिथं ज्वारीशिवाय दुसरं पीठ घरात येतच नाही, त्या घरची भाकरी सगळ्यात निर्धोक. वाड्यातली नको आणि वस्तीवरची हवी, असं अन्नाचं शास्त्र सांगतं. या लेखात याहून महत्त्वाचं काही नसेल. तुंगध्वजाचा नकार गवळ्यांना होता. तिसरा नकार गव्हाला आहे, आणि तो गवळ्यांच्या झाडाखाली बसूनच दिला जातो.

म्हणून 'तुमच्याकडचं' हा शब्द काढून टाकावा. 'ग्लुटेन' म्हटल्यानंही फारसं काही साधत नाही. 'ॲलर्जी' म्हटलं की अंगावर पुरळ येणं एवढंच समजतं आणि 'थोड्यानं काय होतंय' सुरू होतं. मराठीत याला नेमका शब्द आहे: पथ्य. "मला गव्हाचं पथ्य आहे, भाकरी द्या." मधुमेहाच्या म्हाताऱ्यानं पेढा कपाळी लावून नातवाला दिला तर कुणी रागावत नाही. पथ्याला गावात मान आहे. शिवाय 'भाकरी द्या' हे त्यात आलं पाहिजे. मागितल्यानं नकाराचा काटा बोथट होतो, कारण यजमानाला नाही म्हटलेलं नसतं. उलट त्याच्याकडून काहीतरी मागून घेतलेलं असतं.

शास्त्राचा आधार हवा असेल तर तो आहे. तैत्तिरीय उपनिषदात अन्नाची निंदा करू नये असं व्रत सांगितलं आहे. पथ्य म्हणजे निंदा नव्हे. गीतेच्या नवव्या अध्यायात पान, फूल, फळ आणि पाणी भक्तीनं दिलं तरी देव घेतो असं म्हटलं आहे. धान्याचा आग्रह तिथं नाही. आणि सगळ्यात जवळचा आधार ज्या पोथीनं भीती घातली त्या पोथीतच आहे. सत्यनारायणाच्या नैवेद्यात गव्हाचं पीठ सांगितलं आहे खरं, पण लगेच पुढं म्हटलं आहे की ते नसेल तर तांदळाचं पीठ घ्यावं, आणि साखर किंवा गूळ घ्यावा. इतक्या वर्षांत तांदळाच्या रव्याचा शिरा पूजेला का रूढ झाला नाही, हा सवयीचा प्रश्न आहे, धर्माचा नव्हे. पुरोहितानं कथेच्या पहिल्या अध्यायातच हे मोठ्यानं सांगितलं, तर पूजेला बसलेल्या एखाद्या पोराचं बालपण सोपं होईल.

याहून नवलाची गोष्ट एकादशीची. वारकऱ्यांच्या मुलखात उपवासाला धान्य वर्ज्य. साबुदाणा, भगर, राजगिरा, शिंगाडा, रताळं, शेंगदाणे, दही. यातलं काहीही गव्हाचं नाही. ज्या दिवशी इतर माणसं जेवण सोडतात, त्या दिवशी सीलिॲकचा माणूस गावात कुठंही बसून खाऊ शकतो. हॉटेलात जाऊन "उपवासाचं द्या" म्हटलं की कुणी कारण विचारत नाही. शतकानुशतकं भक्तीनं सांभाळलेलं हे वेगळं स्वयंपाकघर एका आजाराच्या कामी येईल असं कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. एवढं मात्र तपासावं की साबुदाणा वडा कचोरी-समोशाच्या तेलात तळलेला नाही, आणि राजगिऱ्याचं पीठ गव्हामागून दळलेलं नाही. बारशीला पारणं आलं की पोळी परत येते आणि तो पुन्हा एकटा पडतो.

बाहेर जेवताना खरी ठेच लागते ती अशा न दिसणाऱ्या जागी. पहिली जागा गिरणी. ज्वारीत ग्लुटेन नाही. पण आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू जात्याच्या पाळीत आणि पिशवीच्या तोंडाशी राहिलेला असतो. तो पुढच्या ज्वारीत उतरतो. सकाळी गिरणी उघडताना पाळ्या झाडून पहिलं दळण ज्वारीचं करणं, किंवा घरी छोटी चक्की ठेवणं, हे उपाय. दुसरी जागा हिंग. दुकानात मिळणाऱ्या बांधानी हिंगात बहुतेक वेळा मैदा असतो, आणि तो वरण, ताक, कढी, भाजी सगळ्यांत पडतो. ढाब्यावर तंदूरच्या तोंडाशी गव्हाच्या पिठाचा धुरळा, घट्ट रश्श्यात कधी मैदा, चायनीज गाड्यावरच्या सोया सॉसमध्ये गहू. घरच्या ताटात कुरडई गव्हाच्या चिकाची. सकाळच्या नाश्त्याला उपीट नको, पण पोहे आणि मराठवाड्याची मुरमुऱ्यांची सुशीला चालते. उदगीर-जळकोट रस्त्यावर गाडी थांबवून "भाकरीचा तवा वेगळा आहे का?" एवढं विचारायला एक मिनिट लागतं. विचारणाऱ्याला लाज वाटते. ती वाटू नये यासाठी ढाबेवाल्यानंच पाटीवर 'भाकरीचा तवा वेगळा' असं लिहावं. लोक त्या पाटीसाठी वाट वाकडी करून येतील.

हरिनाम सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन होतं. गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या एकत्र कालवल्या, कुणाची कुठली हे उरलं नाही, हा काल्याचा अर्थ. ज्याला काही मिसळून चालत नाही, त्याला सगळ्यात जड जाणारा हा प्रसाद. पण काल्यात असतं काय, तर दही, पोहे आणि ज्वारीच्या लाह्या. गव्हाचा कण नाही. मिसळण्याचा एवढा मोठा सोहळा आणि तो जवळजवळ निर्धोक. अडचण त्यानंतरच्या महाप्रसादाची: शेकडो माणसांची पंगत, पोळी, लापशी, एकच डाव सगळ्या पातेल्यांत फिरणारा. तिथं गावानं एक करावं. पंगत बसण्याआधी, डाव मिसळण्याआधी, पथ्याच्या माणसाचं ताट काढून ठेवावं. देवाचा नैवेद्य आधी बाजूला काढतातच, त्याच्या शेजारी हे एक ताट. आणि ते ताट घेऊन त्या माणसानं खोलीत जाऊन खाऊ नये. पंगतीत, सगळ्यांच्या ओळीत बसावं.

मार्गशीर्ष अमावास्येला, येळवसला, जळकोट शेतात जातं. कडब्याची कोप, तीत पांडव म्हणून मांडलेले दगड, मडक्यात आंबील. रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक येते, जेवल्याशिवाय तो सुटत नाही. पानात ज्वारीची आंबील, ओल्या दाण्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, भाकरी. आणि शेवटी गव्हाची खीर. गव्हाचं पथ्य असलेला माणूस बांधावर बसून पोटभर जेवलेला असतो. यजमानीण खिरीचं पातेलं घेऊन त्याच्यापर्यंत येते. त्यानं हात जोडून एवढंच म्हणायचं, "मावशी, गव्हाचं पथ्य आहे." पोथीनं मोकळीक दिलेला गूळ त्याच शेतात, त्याच कोपीत ठेवलेला असतो. पातेलं पुढच्या पानाकडं जातं, आणि परत येताना मावशीच्या मुठीत त्याच्यासाठी गुळाचा खडा आणि शेंगदाणे असतात.